पाण्याखालचं माझं वर्ष आणि फॉर्मवरचं एक ‘नाही’

इथे मी एरवी शुगर, बीपी, पावसाळ्यातले ताप यांवर लिहितो. आज थोडं स्वतःबद्दल लिहिणार आहे. गेल्या वर्षभरात मी सहा वेळा पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरलो. हे कळल्यापासून दवाखान्यात निम्मे पेशंट आजाराआधी माशांबद्दल विचारतात. त्यांना थोडक्यात सांगून उठवतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

नारपोलीत दवाखाना चालवणाऱ्या माणसाचा समुद्राशी तसा संबंध नसतो. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाची वेळ आणि जुलैत रस्त्यावर साचलेलं तळं. खाडी जवळ आहे, पण तिच्यात हौसेनं कोणी उतरत नाही. मला पोहायला येतं ते गावच्या विहिरीतलं. वय बावन्न, सहा वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू.

गेल्या नोव्हेंबरात मुलीच्या हट्टामुळे मालवणला गेलो. तिला स्कूबा करायचं होतं, आणि तिला एकटी पाठवायची नाही म्हणून मीही तयार झालो. सिंधुदुर्ग किल्ला डाव्या हाताला, बोट हेलकावे खातेय, आणि एका मुलानं पॅडला लावलेला कागद पुढे केला. हृदयविकार आहे का, दमा आहे का, फिट येते का, कान वाहतो का, बीपी आहे का, फुप्फुसाचा जुना आजार आहे का. मागे दहा-बारा लोक खोळंबलेले. मी वरपासून खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा केल्या आणि सही ठोकली.

मुलगी वाकून बघत होती. ‘बाबा, तुमची गोळी?’

‘अगं, एवढं काही नसतं.’

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं पेशंटच्या तोंडून ऐकतोय आणि त्यावर ओरडतोय.

पाण्यात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती कानात. यातलं शास्त्र सोपं आहे. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट आणि बंद जागेतल्या हवेचं आकारमान निम्मं. उलट्या दिशेनं हेच तुम्ही महाबळेश्वरला जाताना पाहिलेलं असतं: वर गेलं की चिप्सचं पाकीट टम्म फुगतं. आपलं शरीर बहुतेक पाण्याचंच असल्यामुळे दाबानं चिरडत नाही. अडचण येते ती शरीरातल्या हवेच्या खोल्यांची. मधला कान, कपाळ आणि गालांमागच्या पोकळ्या म्हणजे सायनस, आणि फुप्फुसं. कधीकधी दातातलं नीट न बसलेलं फिलिंगसुद्धा.

मधल्या कानापासून घशाच्या मागच्या बाजूपर्यंत एक बारीक नळी जाते. कसारा घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते तिचंच काम. पाण्यात मात्र हे दर मीटर-अर्ध्या मीटरला करावं लागतं. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि हळूच नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करायचा. कानात ‘पट्’ होतं. या क्रियेला व्हाल्साल्व्हा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. हे दुखायच्या आधी करायचं असतं. दोन-तीन मीटरवर कान ठणकू लागल्यावर जोर लावला तर नळीचं तोंड आणखी मिटतं, आणि त्याच हट्टानं खाली गेलात तर पडदा फाटू शकतो. दवाखान्यात दर हिवाळ्यात मालवण-गोव्याहून आलेले एक-दोन असे कान मी बघतो. ‘तो म्हणाला थोडं सहन करा,’ असं ते सांगतात. दुखणारा कान सहन करायचा नसतो, वर यायचं असतं.

माझ्यासोबतचा मालवणी मुलगा मात्र चांगला होता. खाली जायच्या आधी म्हणाला, ‘डॉक्टरांनू, मी आसंय.’ त्यानं खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, तर ‘वर चला’. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. मी आनंदाच्या भरात दोनदा अंगठा दाखवला आणि दोनदा त्यानं मला वर नेलं.

खाली जेमतेम पाच-सहा मीटर होतो. पाणी अगदी नितळ नव्हतं. पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे तोंडासमोर गर्दी करत होते. मास्कमधून सगळं प्रत्यक्षापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे परत आलेल्यांच्या माशांच्या गोष्टींतून तेवढी वजावट करावी. मनगटावरचा लाल धागा मातकट दिसत होता, कारण पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषून घेतं. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो आवाज. आमच्या गल्लीत लूम चालतात. त्यांच्या खडखडाटात राहून राहून माझे कितीतरी पेशंट चाळिशीतच मोठ्यानं बोलू लागतात, त्यांना स्वतःला ते कळत नाही. मला वाटलं होतं पाण्याखाली शांतता असेल. तिथे स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे आणि मागे सतत बारीक तडतड, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. वर आल्यावर कळलं, एका जातीच्या छोट्या कोळंबीसारख्या प्राण्यांचा तो आवाज.

(जाता जाता: मालवणचा हा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे. फोटोसाठी प्रवाळावर उभं राहणारे लोक मी तिथे पाहिले. प्रवाळ हा दगड नव्हे, तो जिवंत प्राणी आहे.)

बोटीवर आल्यावर डोकं जड होतं आणि लघवीची घाई. दुसऱ्याचं कारण मला माहीत होतं. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त. हृदय ताणलं जातं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. निरोगी माणसाला एवढाच त्रास. पण बीपी आटोक्यात नसेल तर तेच जादा रक्त फुप्फुसात पाणी साचवू शकतं, आणि तेही पाण्याखाली असताना. हे वाचलेलं होतं. फॉर्म भरताना आठवलं नाही, एवढंच. संध्याकाळी मशीन लावलं तर वरचा आकडा 168. त्या दिवशी सकाळी घाईत गोळीही राहिली होती.

बायको काही बोलली नाही. तिनं मशीन उचललं, पट्टा गुंडाळला आणि डब्यात ठेवला.

डिसेंबरात रीतसर कामाला लागलो. एका फिजिशियन मित्राकडे जाऊन ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट केली, गोळीचा डोस बदलून महिनाभर बीपीची वही ठेवली. त्यानं फॉर्मवर सही केली तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला. जानेवारीत तारकर्लीला चार दिवसांचा कोर्स केला. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, हे आपल्याकडे फार लोकांना ठाऊक नाही.

कोर्समध्ये पहिला गैरसमज गेला तो टाकीचा. कोविडनंतर आपल्याकडे सिलिंडर दिसला की लोक ‘ऑक्सिजन’ म्हणतात. डायव्हिंगच्या टाकीत साधी हवा असते, तुम्ही-आम्ही घेतो तीच, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा ठरू शकतो, झटके येऊ शकतात.

आणि पहिला नियम, जो रोज दहा वेळा सांगितला: श्वास कधीही रोखू नका. का, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकानं फुंकून काढायचं, असा एक सराव असतो. पाच मीटरवर गुडघ्यांवर बसून तो करत होतो. पाणी नाकात गेलं, तिथून घशात. पुढचं काही मी ठरवून केलं नाही. छाती भरून श्वास घेतला गेला, घसा मिटला आणि पाय आपोआप वर निघाले. शिक्षकानं माझ्या जॅकेटचा पट्टा धरून मला खाली खेचलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या छातीवर टिचक्या मारत राहिला: सोड, सोड. मी सोडला.

समजा तो तिथे नसता. पाच मीटरवर दाब दीडपट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून पृष्ठभागावर आलं, तर तीच हवा दीडपट जागा मागते. फुप्फुस काही फुगा नाही, त्याच्या भिंती अत्यंत पातळ असतात. त्या फाटल्या तर हवा छातीत शिरून फुप्फुस मिटतं, किंवा रक्तात शिरून बुडबुडा थेट मेंदूत जातो. मग वर आल्यावर काही मिनिटांत बेशुद्धी, लकवा. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनी चार-पाच फूट वर येतानाही असं घडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. म्हणजे खोल जाण्यापेक्षा शेवटचे काही मीटर जास्त घातकी. नवख्या माणसाला नेमकं उलट वाटत असतं. एमबीबीएस करून, हे सगळं पाठ असून, माझ्या शरीरानं पाण्याच्या दोन थेंबांपुढे शिकलेलं सगळं टाकून दिलं. त्यामुळे ‘मी घाबरणार नाही’ असं म्हणणाऱ्यांवर आता माझा विश्वास नाही.

नायट्रोजनचंही थोडं सांगतो, कारण त्याचा संबंध परतीच्या प्रवासाशी आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात, चरबीत विरघळतो. भराभर वर आलं की गोटी सोड्याचं बूच उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, कधी पाय कायमचे जातात. किती वेळ खोल राहिल्यावर किती हळू वर यावं, याचे पहिले तक्ते हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1908 साली मांडले. त्यासाठी त्यानं बकऱ्यांना दाबाच्या टाकीत घातलं होतं. आज मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, हे आम्हाला शिकवलं जातं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही. एकच उथळ डाइव्ह असेल तर किमान बारा तास, अनेक असतील तर अठरा. विमानातला दाब कमी असतो म्हणून. हेच उंच घाटालाही लागू आहे. सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठायचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. मी आपला एक मुक्काम वाढवून कुडाळहून रेल्वेनं ठाण्याला आलो.

फेब्रुवारीत दवाखान्यात एक तरुण आला. वय चोवीस, मानकोलीच्या बाजूला एका गोदामात नोकरी. तीन वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला होता. सहा महिने एकही डोस न चुकवता त्यानं औषध घेतलं, माझ्या आठवणीतला सगळ्यात शहाणा पेशंट. गोदामातला ग्रुप मालवणला निघाला होता आणि त्याच्या हातात तोच फॉर्म होता. ‘फुप्फुसाचा जुना आजार’ यापुढे त्यानं ‘हो’ केलं होतं. त्यामुळे डॉक्टरची सही हवी होती.

‘बाकीच्यांनी सगळं नाही-नाही लिहिलंय सर. एकाला तर दमा आहे. मी खरं लिहिलं म्हणून अडकलो.’

मी त्याला बसवलं. एक्स-रे काढला, त्यात उजव्या बाजूला वर काही खटकलं म्हणून सीटी सांगितला. सीटीत जुन्या व्रणाशेजारी हवेचा एक पातळ भिंतीचा फुगा होता, मोठ्या द्राक्षाएवढा. आम्ही त्याला बुला म्हणतो. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला तो आयुष्यभर काही करणार नाही, कदाचित. पण त्यात हवा शिरते सावकाश आणि बाहेरही येते सावकाश. पाच मीटरवरून वर येताना श्वास अगदी नीट सोडत राहिला तरी त्या फुग्यातली हवा वेळेत बाहेर पडेल याची खात्री नाही. माझ्या बाबतीत शिक्षकाची टिचकी उपयोगी पडली. इथे ती पडली नसती.

मी सही करणार नाही म्हटलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, टीबी पूर्ण बरा होतो? घरी कपबशी वेगळी ठेवायची गरज नाही, लग्न होईल, सगळं होईल. मग आता?’

याचं उत्तर मला पटकन सुचलं नाही. तेव्हा मी जे बोललो होतो ते खरंच होतं, आजही आहे. त्याच्या शरीरात जंतू नाहीत, त्याच्यापासून कोणाला काही होणार नाही. पण रोग जातो तेव्हा घर झाडून जातोच असं नाही, कुठे भिंतीला तडा ठेवून जातो. बरं होणं आणि पहिल्यासारखं होणं या दोन गोष्टी आहेत, आणि आम्ही डॉक्टर मंडळी पेशंटला धीर देताना पहिल्या गोष्टीत दुसरी मिसळून देतो. त्याला मी सीटीची फिल्म खिडकीशी धरून दाखवली, चिप्सच्या पाकिटाचं सांगितलं. आणि नोव्हेंबरातल्या माझ्या फॉर्मचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण न सांगता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

इथे वाचणाऱ्या टीबी होऊन गेलेल्यांनी घाबरून जाऊ नये. सीटी आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी दोन्ही चांगल्या आल्या, तर छातीरोगतज्ज्ञ परवानगीचा विचार करू शकतात. पण तपासणी हवीच. दमा, फिट, वाहणारा कान किंवा पडद्याचं ऑपरेशन यांचंही तेच. कधी एकदाही आपोआप फुप्फुस मिटलं असेल, तर मात्र टाकी घेऊन पाण्याखाली जाणं कायमचं विसरा. गरोदरपणातही नाही.

तो मालवणला गेला. लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगत त्यानं मासे पाहिले. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. त्यात श्वास पृष्ठभागावरच्या हवेचा असतो, त्यामुळे बुडी मारली नाही तर फुप्फुसात दाबाचा हा खेळ होत नाही. त्यानं व्हिडिओ पाठवला. मागून मित्र ओरडत होते, ‘ए वरच्या मजल्यावरचा!’

आता शेवटची डाइव्ह. एप्रिलमध्ये मुर्डेश्वरहून नेत्राणीला गेलो. किनाऱ्यापासून दीडेक तास बोट, शंकराची ती प्रचंड मूर्ती मागे लहान लहान होत जाते. तीन दिवस मला सर्दी होती. पैसे भरलेले, रजा टाकलेली, तिकीट काढलेलं. पहाटे पाचला नाकात स्प्रे मारला, नाक मोकळं झालं. बोट उशिरा सुटली, पाण्यात उतरेपर्यंत बारा वाजत आले.

खाली जाताना कान सहज सुटले. चौदा मीटरवर एक समुद्री कासव खडकाशी काहीतरी कुरतडत होतं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं. त्याच्याजवळ किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही, कॉम्प्युटर सांगतो सहा मिनिटं.

वर येताना आठ मीटरवर उजव्या भुवईच्या वर कोणीतरी दाभण खुपसावं तशी कळ आली. स्प्रेचा परिणाम ओसरला होता, आतली अस्तरं पुन्हा सुजली होती, आणि सायनसमधली फुगणारी हवा कोंडली होती. खाली जाताना बंद झालं तर वर येता येतं, पण वर येताना बंद झालं तर टाकीतली हवा संपायच्या आत वर यावंच लागतं. मी सोबत्याला खूण केली. मीटरभर खाली, मग थोडं वर, पुन्हा थांबायचं, असं करत वर आलो. बोटीवर मास्क काढला तर त्यात रक्त होतं. नाकातून आलेलं, फार नाही, पण बोटीवरच्या सगळ्यांनी पाहिलं. दुसरी डाइव्ह मी बोटीत बसून घालवली. कान-नाक-घसा तज्ज्ञानं नंतर महिनाभर पाणी बंद केलं, शिवाय पुन्हा उतरायच्या आधी दाखवून जा म्हणाला.

जूनमध्ये तो गोदामातला मुलगा आईचे शुगरचे रिपोर्ट घेऊन आला. आईचं झाल्यावर रेंगाळला. ‘सर, नेत्राणीला काय दिसलं?’

कासवाचं सांगितलं. मग स्प्रेचंही सांगितलं, आणि भुवईचं.

तो हसायला लागला. ‘म्हणजे आता तुम्हालाही कोणाची तरी सही लागणार.’

‘लागणार,’ मी म्हटलं, आणि बाहेरच्या पुढच्या पेशंटला हाक मारली.